पायाची त्वचा, मज्जारज्जू आणि चालणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांचे नातेवाईक, मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेली माणसे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी सतत जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला भाग दुसऱ्या उत्तरात येत असेल, तेथे पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दोन शब्द मात्र आधीच ठरवून घेऊ. चालताना पाय जमिनीवर असतो तो काळ म्हणजे ‘टेकलेला टप्पा’ आणि तोच पाय हवेतून पुढे जातो तो काळ म्हणजे ‘उचललेला टप्पा’. नेहमीच्या चालीत एका पायाची पूर्ण फेरी साधारण एक सेकंद किंवा थोडी अधिक चालते. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाय टेकलेला आणि ४० टक्के वेळ उचललेला असतो.

१. चालण्याचे नियंत्रण मेंदू करतो की मज्जारज्जू?

दोघेही करतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. कोठे जायचे, केव्हा निघायचे, समोरचा खड्डा कसा चुकवायचा हे मेंदू ठरवतो. पाय आळीपाळीने वाकवणे आणि ताठ करणे हा चालण्याचा मूळ ताल मात्र मज्जारज्जूच्या कमरेकडील भागात तयार होऊ शकतो. थॉमस ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये हे दाखवून दिले. त्याने मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून संवेदना आणणाऱ्या नसांची मुळेही कापली. तरीही नडगीचा आणि पोटरीचा स्नायू काही काळ तालात, एकामागून एक आकुंचन पावत राहिले. वरून हुकूम नाही, खालून खबर नाही, आणि ताल मात्र आहे. या तालजनक जाळ्याला अभ्यासक ‘सेंट्रल पॅटर्न जनरेटर’ किंवा नुसते ‘सीपीजी’ म्हणतात.

२. ताल आतूनच तयार होत असेल, तर त्वचेच्या संवेदनेची गरज काय?

नुसत्या तालाने चालता येत नाही, कारण जमीन दर पावलाला तीच नसते. ग्रॅहम ब्राउनच्या प्रयोगातले स्नायू आकुंचन पावत होते हे खरे, पण त्या पायांना फरशी कोठे आहे, ती निसरडी आहे की खडबडीत, पाऊल सपाट पडले की कडेवर पडले, यातले काहीही कळत नव्हते. ती खबर त्वचा, स्नायू आणि सांधे मिळून आणतात. स्नायूंतले ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे सूक्ष्म भाग, पायावर किती भार आहे आणि खुबा किती मागे गेला आहे ते सांगतात. जमिनीशी भेट नेमकी कोणत्या क्षणी आणि पावलाच्या कोणत्या भागाने झाली, हे त्वचा सांगते. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा गाभा असा : त्वचा चालण्याचा ताल निर्माण करत नाही, पण प्रत्येक पाऊल त्या त्या जागेला आणि त्या त्या क्षणाला जुळवून घेण्याचे काम तिच्यावाचून नीट होत नाही. सपाट, ओळखीच्या जमिनीवर तिची उणीव फारशी जाणवत नाही. अडचणीच्या जागी लगेच जाणवते.

३. तळपायाच्या त्वचेत नेमके काय असते?

तळपायाच्या केस नसलेल्या जाड त्वचेत स्पर्श ओळखणारे चार प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांची नावे ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांवरून पडली आहेत. मेर्केल आणि रुफिनी हे ग्राही दाब किंवा ताण असेपर्यंत संदेश देत राहतात. माइसनर आणि पॅचिनी हे बदलाच्या क्षणी संदेश देतात आणि मग थांबतात. पॅचिनी तर अतिशय सूक्ष्म कंपनही टिपतो.

हे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळलेले नाही. स्वीडनमधल्या हागबार्थ आणि वाल्बो यांनी १९६० च्या दशकात जागेपणी, माणसाच्याच नसेत केसासारखी बारीक सुई घालून एकेका तंतूचे संदेश ऐकण्याची पद्धत विकसित केली. त्याच पद्धतीने केनेडी आणि इंग्लिस यांनी २००२ मध्ये तळपायाच्या १०४ ग्राहींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट चालण्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे : पाय जमिनीवर नसताना हे ग्राही शांत होते. म्हणजे तळपायाकडून संदेश येऊ लागणे हीच ‘पाऊल टेकले’ अशी खबर, आणि तो बंद होणे हीच ‘पाऊल सुटले’ अशी खबर.

४. चालताना ठेच लागली, तरी बहुतेक वेळा आपण पडत का नाही?

उचललेल्या टप्प्याच्या मध्यावर पायाचे बोट आणि जमीन यांत जेमतेम एक-दोन सेंटीमीटर अंतर असते. उंबरा, उचकटलेली फरशी किंवा सतरंजीची दुमडलेली कड त्या अंतरात आली की पावलाचा वरचा, म्हणजे बोटांमागचा भाग तिला धडकतो. त्या जागेच्या त्वचेकडून संदेश निघतो आणि आपल्याला ठेच लागल्याची जाणीव होण्याआधीच पाय स्वतःला सावरायला लागलेला असतो.

हे सावरणे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. अडथळा लागला की पाय आणखी वर उचलला जात असेल, असे सहज वाटते. हॅन्स फॉर्सबर्ग यांनी १९७९ मध्ये मांजरावर केलेल्या नोंदींत क्रम वेगळा दिसला. आधी गुडघा वाकतो आणि पाऊल मागे खेचले जाऊन अडथळ्यापासून सुटते, आणि मग ते वर उचलून पलीकडे नेले जाते. आधी वर उचलायला गेले असते, तर बोटे अडथळ्याच्या कडेखालीच अडकून राहिली असती. माणसातही पावलाच्या वरच्या भागाची संवेदना आणणाऱ्या नसेला उचललेल्या टप्प्यात हलका विद्युत झटका दिला, की गुडघा अधिक वाकतो आणि घोट्यातून पाऊल वर ओढणारा नडगीचा स्नायू क्षणभर सैल पडतो; त्यामुळे बोटे अडथळ्यावर अडून न बसता त्यावरून घसरून जाऊ शकतात. झेर आणि स्टाइन यांच्या गटाने १९९७ मध्ये हे नोंदवले. प्रत्यक्ष अडथळा नव्हता, फक्त त्वचेच्या नसेतला संदेश होता, तरी पायाने ठेच लागल्यासारखीच हालचाल केली.

वेळेचा हिशेबही करता येतो. पावलापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर मोठ्या माणसात साधारण एक मीटर आणि स्पर्शाच्या जाड तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणजे जाण्यासच २० मिलिसेकंद लागतात. मज्जारज्जूतले काही मिलिसेकंद आणि स्नायूपर्यंतचा परतीचा प्रवास धरला, तर सर्वात लवकरचा प्रतिसाद ५० मिलिसेकंदांच्या आसपास दिसतो. पाय हवेत असतो सुमारे ४०० मिलिसेकंद. सावरायला वेळ मिळतो तो या हिशेबामुळे.

५. एकाच जागी एकच स्पर्श केला, तरी पाय कधी वाकतो आणि कधी ताठ होतो, असे का?

या विषयातला सर्वात सुंदर भाग मला हाच वाटतो. स्वीडनमध्ये फॉर्सबर्ग, ग्रिलनर आणि रोसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांना ट्रेडमिलवर चालवून हा प्रयोग केला आणि तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराचा पाय हवेत असताना पंजाच्या वरच्या बाजूला स्पर्श केला, तर पाय अधिक वाकून उचलला गेला. तोच स्पर्श, त्याच जागी, पाय जमिनीवर असताना केला, तर पाय ताठ करणारे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावले.

मेंदूशी संबंध तुटलेला असूनही मज्जारज्जूने एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली आणि दोन्ही उत्तरे योग्य होती. हवेतल्या पायाला काही लागले तर तो उचलायलाच हवा. अंगाचा भार पेललेल्या पायाला काही लागले म्हणून तो वाकवला, तर जनावर कोसळेल. तेव्हा तो अधिक ताठच व्हायला हवा. या बदलाला ‘टप्प्यानुसार उलटणारी प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणतात.

हे कसे साधते? त्वचेकडून आलेल्या संदेशाला मज्जारज्जूत अनेक वाटा असतात; काही वाकवणाऱ्या स्नायूंकडे जातात, काही ताठ करणाऱ्या स्नायूंकडे. ताल निर्माण करणारे जाळे त्या त्या क्षणी एक वाट खुली ठेवते आणि दुसरी दाबून धरते. शिवाय, त्वचेचा तंतू मज्जारज्जूत जेथे संपतो, तेथेच त्याच्या संदेशाचा जोर कमी करण्याचीही सोय आहे आणि तो जोर पावलाच्या फेरीबरोबर कमी-जास्त होत राहतो. म्हणून ‘गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो’ ही शाळेत शिकलेली प्रतिक्षिप्त क्रियेची कल्पना चालत्या पायाला तशीच्या तशी लागू करता येत नाही.

६. हे मांजरांत दिसले. माणसातही तसेच होते का?

होय, मात्र चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण माणूस दोन पायांवर तोल सांभाळत चालतो. यांग आणि स्टाइन यांनी १९९० मध्ये तळपायाकडे जाणाऱ्या टिबियल नसेला चालताना झटके दिले. नडगीच्या स्नायूचा प्रतिसाद उचललेल्या टप्प्यात वाढला. पाऊल टेकण्याच्या बेतात असताना तोच प्रतिसाद उलटला आणि स्नायू सैल पडला. पायाच्या बाहेरच्या कडेची संवेदना आणणाऱ्या सुरल नसेवर डायसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या प्रयोगांतही अशीच उलटापालट दिसली.

त्वचेचा कोणता भाग, यालाही तितकेच महत्त्व आहे. पावलाच्या वरच्या भागाकडून आलेला संदेश ठेच लागल्याची प्रतिक्रिया देतो. ती वर प्रश्न ४ मध्ये आली आहे. तळव्याकडून आलेला संदेश पाय नुकताच सुटत असताना पाऊल वर ओढतो, तर पाय टेकायला आला असताना ते खाली टेकवण्यास मदत करतो. त्वचेच्या जागेप्रमाणे उत्तर बदलते आणि ते जमिनीशी सुसंगत असते.

७. पाय टेकलेला असताना तळव्याकडून येणाऱ्या संवेदनेचे काय काम असते?

मुख्यतः ‘अजून उचलू नकोस’ असे सांगण्याचे. डायसेन्स आणि पिअरसन यांनी १९७६ मध्ये दाखवले की टेकलेल्या टप्प्यात मांजराच्या पंजाच्या त्वचेला चेतना, म्हणजे उत्तेजना, दिली, तर पाय ताठ ठेवणाऱ्या स्नायूंचे काम लांबते आणि पाय उचलण्यास उशीर होतो. पाय उचलण्याची वेळ ठरवण्यात पोटरीवरचा भार कमी होणे आणि खुबा पुरेसा मागे जाणे या स्नायूंकडून येणाऱ्या खबरींचा वाटा मोठा आहे. त्वचा त्यांना जोड देते.

८. ही सगळी कामे मज्जारज्जूच करतो, मेंदूचा काहीच हात नाही, असे म्हणायचे का?

नाही. तसे म्हणणारे लेखन वाचनात आले, तर जपून घ्यावे. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला पहिला, ५० मिलिसेकंदांच्या आसपासचा प्रतिसाद इतका लवकर येतो की त्याला मज्जारज्जूबाहेर जायला सवडच नसते. त्यानंतर येणाऱ्या लाटेचे तसे नाही. नीलसन, पीटरसन आणि फेडिर्चुक यांनी १९९७ मध्ये माणसाच्या नडगीच्या स्नायूतल्या उशिराच्या प्रतिसादाचा अभ्यास केला आणि त्याची वाट मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, जात असल्याचे पुरावे मांडले. म्हणजे एकाच स्पर्शाला आधी मज्जारज्जू उत्तर देतो आणि पाठोपाठ मेंदू त्यात भर घालतो.

मेंदू या वाटांचा जोरही कमी-जास्त करतो. चालताना कोणी धक्का देईल अशी भीती असली, की पावलाच्या त्वचेकडून येणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया बदलतात. उंदरांमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात अशा चेतापेशी सापडल्या आहेत, ज्यांना त्वचेचा हलका स्पर्श आणि मेंदूचे संदेश दोन्ही मिळतात. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेतील गटाने २०१५ मध्ये या पेशी काढून टाकल्यावर उंदीर सपाट जागी नीट चालले, पण अरुंद पट्टीवरून चालताना त्यांचे पाय घसरू लागले.

अर्भकांकडूनही या प्रश्नावर प्रकाश पडतो. चालायला न शिकलेल्या बाळाला काखेत धरून ट्रेडमिलवर टेकवले, तर ते पावले टाकते. अशा बाळांच्या पावलाला हवेत अडथळा लागला, तर तीही पाय उंचावून सावरतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या वयात मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा अजून पुऱ्या पक्व झालेल्या नसतात.

९. त्वचेची संवेदना पूर्ण गेली, तर चालता येते का?

मेंदू आणि मज्जारज्जू यांचा संबंध शाबूत असेल तर येते. तो तुटला असेल तर फार कठीण होते. हा फरक बुयेर आणि रोसिन्योल यांनी २००३ मध्ये स्पष्ट केला. त्यांनी मांजरांच्या मागच्या पंजांना संवेदना देणाऱ्या त्वचेच्या नसा कापल्या. ट्रेडमिलवर ती मांजरे लवकरच जवळजवळ पूर्वीसारखी चालू लागली. शिडीच्या आडव्या दांड्यांवरून मात्र सुरुवातीला त्यांना चालताच येईना. काही आठवड्यांनी ती शिकली. त्यानंतर त्यांचा मज्जारज्जू तोडला, तेव्हा तळवा पट्ट्यावर सपाट टेकवून भार घेणे त्यांना पुन्हा कधीच जमले नाही. एरवी मज्जारज्जू तोडलेले, पण त्वचेची संवेदना शाबूत असलेले मांजर सरावाने हे शिकते.

आधी मेंदू उणीव भरून काढत होता. मेंदूची मदत गेली, तेव्हा त्वचेची खरी किंमत समोर आली. उंदरांतही मज्जारज्जूमधल्या ‘डीआय३’ नावाच्या चेतापेशींबाबत २०१६ मध्ये याच्याशी जुळणारा निष्कर्ष आला. त्वचेकडून संदेश घेणाऱ्या या पेशी निकामी केलेले उंदीर चालू शकत होते, पण मज्जारज्जू तोडल्यावर चालण्याची क्षमता त्यांना परत मिळवता आली नाही.

माणसातले सर्वात बोलके उदाहरण इंग्लंडमधल्या एका तरुणाचे आहे. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, एका आजारानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हातपायांच्या स्थितीची जाणीव गेली. स्नायूंची ताकद मात्र शाबूत होती. अनेक महिन्यांच्या कष्टांनंतर तो पुन्हा चालू लागला, पण प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पाहून आणि मनाने ठरवून. अचानक दिवे गेले की तो कोसळे. येथे केवळ त्वचा नव्हे, तर स्नायूंची खबरही गेली होती हे ध्यानात ठेवावे.

१०. कुष्ठरोगात तळपाय बधिर होतात, तरी माणसे मैलोनमैल चालतात. ते कसे?

कुष्ठरोगात टिबियल नसेला घोट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे तळव्याकडे वळताना इजा होते. तळव्याची संवेदना जाते, पण पोटरीच्या स्नायूंना जाणाऱ्या फांद्या त्याच्या पुष्कळ वर फुटलेल्या असल्याने त्या वाचतात. भाराची आणि खुब्याची खबर मज्जारज्जूला मिळत राहते, ताल टिकतो आणि डोळे उरलेले सांभाळतात. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून आलेल्या माणसांनी माळरान कसून शेती उभी केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

चाल टिकते याचा अर्थ नुकसान नाही असा नव्हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड आयुष्यभर एक गोष्ट सांगत आले. तळव्याला जखम झाली, तर संवेदना असलेला माणूस लगेच लंगडतो आणि भार दुसरीकडे टाकतो. संवेदना नसलेला माणूस त्याच जखमेवर तसाच चालत राहतो. लंगडणे ही पायाने स्वतःचे केलेले रक्षण आहे आणि ते त्वचेकडून आलेल्या खबरीवर उभे असते. म्हणूनच बधिर पायांसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या, ‘एमसीआर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चपला दिल्या जातात आणि रोज संध्याकाळी तळवे तपासायला सांगितले जाते.

११. वडिलांना मधुमेह आहे. तळपायाची संवेदना कमी झाल्याचे कसे ओळखावे?

घरच्या अंदाजावर अवलंबून राहू नये. संवेदना इतकी हळूहळू जाते की चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी माणसाच्या लक्षात येत नाही, आणि ‘मला सगळे समजते’ असे तो मनापासून सांगतो. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, म्हणजे मोनोफिलामेंट, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात आणि १२८ हर्ट्झचा स्वरकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. दोन्ही तपासण्या काही मिनिटांच्या आहेत आणि त्या वर्षातून एकदा तरी व्हायलाच हव्यात.

कुष्ठरोगापेक्षा मधुमेहातले नुकसान वेगळ्या रीतीने पसरते. ते बोटांच्या टोकांपासून सुरू होऊन वर चढते आणि पुढे सांध्यांच्या स्थितीची जाणीवही कमी करू शकते. अशी माणसे सावकाश चालतात आणि अंधारात, ओल्या फरशीवर किंवा ओबडधोबड रस्त्यावर पडण्याचा धोका वाढतो. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा चालू ठेवणे ही साधी गोष्ट आहे. तिच्यामागे प्रश्न ९ मधलेच कारण आहे, की त्वचेची उणीव डोळे भरून काढत असतात.

१२. अनवाणी चालल्याने तळवे जाड होतात. त्यामुळे संवेदना कमी होते, की वाढते?

जाड झालेल्या त्वचेमुळे संवेदना कमी होत असेल, असे बहुतेकांना वाटते. केनिया आणि अमेरिकेतील माणसांच्या तळव्यांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यात अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांवरचा घट्टा जाड होता, पण स्पर्शाची संवेदनशीलता त्यामुळे कमी झालेली नव्हती. घट्टा कठीण असतो आणि दाब आतल्या ग्राहींपर्यंत पोचवतो. जाड मऊ तळ असलेल्या बुटाचे काम वेगळे असते.

निरोगी पायांनी स्वच्छ जागी अनवाणी चालायला हरकत नाही. ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी घरातही अनवाणी चालू नये. ‘गवतावर चालून नसा जागवा’ हा सल्ला मधुमेहाच्या रुग्णांना देणाऱ्यांनी एकदा बोटाखालची न दुखणारी जखम पाहावी.

१३. खास तळ असलेल्या बुटांनी तोल सुधारतो का?

काही प्रमाणात. तळव्याच्या कडेला उंचवटा असलेल्या तळामुळे वृद्धांचा बाजूचा तोल चालताना सुधारल्याचे २००८ मधल्या अभ्यासात दिसले. जाणवणार नाही इतके हलके कंपन देणारे तळ वापरल्यावर उभे असतानाचे डोलणे कमी झाल्याचेही २००३ पासूनच्या प्रयोगांत नोंदले आहे. उभे राहणे आणि चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा जाहिरातीत एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी दिला जात नाही ना, हे पाहावे.

१४. मज्जारज्जूला इजा झालेल्या भावाचे पाय चादर लागली की आपोआप आखडतात. तो बरा होतो आहे का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि त्याचे उत्तर देताना सर्वात जड जाते. एका कुटुंबाने पाठवलेले चित्रीकरण डोळ्यांसमोरून हलत नाही : बहिणीने चादर ओढून पावलांवर घातली, दोन्ही गुडघे वर आले, आणि मागून कोणीतरी आनंदाने ‘बघा, हलवले!’ असे म्हणाले.

ती हालचाल खरी आहे, पण ती भावाने केलेली नाही. इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. त्वचेकडून आलेला संदेश त्याला मिळतो आणि मेंदूचा लगाम सुटलेला असल्याने एरवी फक्त टोचल्यावर होणारी पाय आखडण्याची क्रिया साध्या चादरीच्या स्पर्शानेही होते. इजेनंतर सुरुवातीला सगळे प्रतिसाद काही काळ थंडावलेले असतात. ते परत आले की असे आखडणे दिसू लागते. सुधारणा मोजायची ती ‘अंगठा हलव’ असे सांगितल्यावर तो हलतो का, आणि डोळे मिटून स्पर्शाची जागा सांगता येते का, यावर. आखडणे एकाएकी वाढले, तर त्वचेवरची जखम, वाढून मांसात रुतलेले नख किंवा भरलेले मूत्राशय असे कारण शोधावे. रुग्णाला ते दुखत नसते, मज्जारज्जूला मात्र कळत असते.

१५. मग या आखडण्याचा चालण्यासाठी काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि तो प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. लिबरसन यांनी १९६१ मध्ये अर्धांगवायूने पाऊल लोंबकळणाऱ्या रुग्णांसाठी टाचेखाली बटण ठेवले आणि टाच उचलली जाताच गुडघ्याखालच्या पेरोनियल नसेला विद्युत चेतना दिली. त्यामुळे पाऊल वर ओढले जाई. पुढे स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील संशोधकांनी याच नसेला अधिक जोराची चेतना देऊन कमरेखाली लुळ्या झालेल्या रुग्णांचा संपूर्ण पाय वाकवला आणि उचललेला टप्पा घडवून आणला. अडचण अशी की वारंवार वापरल्यावर ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि पाय पुरेसा उचलला जात नाही. ट्रेडमिलवर दोरांनी आधार देऊन चालवताना थेरपिस्ट तळवा सपाट टेकेल याची काळजी घेतात, त्यामागचा विचार प्रश्न ७ आणि ९ मधला आहे.

१६. त्वचेवरच्या स्पर्शाने चालणे थांबूही शकते का?

थांबू शकते, आणि येथे पावलाची नव्हे, इतर भागांची त्वचा कामाला येते. मज्जारज्जू तोडलेल्या मांजराला ट्रेडमिलवर चालायला लावण्यासाठी शेपटीखालच्या त्वचेला चेतना देण्याची जुनी रीत आहे. तिने मागचे पाय चालू लागतात. उलट, कमरेवरच्या त्वचेवर दाब दिला की चालणे थांबते. फ्रिगॉन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे दाखवले आणि त्याच दाबाने प्रश्न १४ मधल्यासारखे आकस्मिक आकुंचनही कमी झाल्याचे नोंदवले. रुग्णाला उचलताना किंवा पट्टा बांधताना हात पाठीच्या कोणत्या भागावर आहे, याकडे लक्ष देण्याचे हे एक चांगले कारण आहे.

१७. मांजराच्या पंजाला चिकटपट्टी लागली तर ते चालता चालता पाय झटकते. ही चालण्याचीच क्रिया आहे का?

नाही, तो दुसराच ताल आहे. चालताना मांजराचा पाय सेकंदाला एक-दोन वेळा पुढे येतो. पाय झटकणे मात्र सेकंदाला सुमारे १० वेळा होते आणि तेही मज्जारज्जू एकटा करू शकतो. म्हणजे पावलाची त्वचा तालात बदल करते इतकेच नव्हे, तर पुरेसे कारण मिळाले की निराळा ताल सुरूही करू शकते. प्रश्न २ मधल्या विधानाला हा एक अपवाद आहे.

खरी गंमत दोन्ही एकदम चालू असताना दिसते. चिकटपट्टी लागलेले मांजर चालणे सोडत नाही. तो पाय जमिनीवर आहे तोवर एकही झटका येत नाही. पाय उचलला गेला की त्याच उचललेल्या टप्प्यात झटके बसवले जातात, तेवढ्यासाठी तो टप्पा लांबतो, आणि उरलेले तीन पाय आपापली पावले त्याप्रमाणे जुळवून भार पेलत राहतात.